डॉ. सुशीला नायर : सुईआधीची संमती, नळीनंतरची निगा

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये फेब्रुवारी १९४४ मध्ये एक नवे औषध येऊन पोहोचले होते. पेनिसिलिन. महायुद्धाच्या त्या दिवसांत हे औषध मुख्यतः सैन्याच्या वाट्याला येई. सामान्य माणसाला ते पाहायलाही मिळणे कठीण होते. देवदास गांधी यांच्या खटपटीमुळे ते विमानाने कलकत्त्याहून आणले गेले. त्यांच्या आई कस्तुरबा अनेक महिन्यांपासून हृदयविकाराने अंथरुणाला खिळल्या होत्या आणि त्यात न्यूमोनियाची भर पडली होती. मुलाला शेवटचा प्रयत्न करून पाहायचा होता. पण त्या काळचे पेनिसिलिन काही तासांतच शरीराबाहेर पडत असे. त्यामुळे ते दिवसरात्र, दर काही तासांनी टोचावे लागे. गांधीजींना हे कळले तेव्हा त्यांनी नकार दिला. मृत्यूच्या दारात असलेल्या देहाला वारंवार सुया टोचून यातना देऊ नयेत, ही त्यांची भूमिका होती. देवदासांनी अखेर ती मान्य केली. २२ फेब्रुवारीच्या सायंकाळी कस्तुरबांचे निधन झाले. त्या दिवशी महाशिवरात्र होती.

कस्तुरबांची शुश्रूषा करणाऱ्यांत एकोणतीस वर्षांची एक डॉक्टर होती. ती स्वतःही कैदीच होती. सुई कशी टोचायची, हे तिला ठाऊक होते. ती टोचावी की नाही, हा प्रश्न मात्र तिच्या हातात नव्हता. पुढे सेवाग्रामला देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे करणाऱ्या डॉ. सुशीला नायर त्या याच. सेवाग्रामकर त्यांना बडी बहेनजी म्हणत. त्यांच्या आयुष्यावर नजर टाकली की एक प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा समोर येतो. माणसाच्या शरीरात बाहेरची वस्तू घालायची, मग ती सुई असो, नळी असो वा आणखी काही, तर ती कोणाच्या संमतीने? आणि एकदा घातल्यावर तिची निगा कोणी राखायची?

सुशीलाबेन यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी पंजाबमधील गुजरात जिल्ह्यातल्या कुंजाह येथे झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. त्यांचे थोरले बंधू प्यारेलाल असहकाराच्या लाटेत शिक्षण सोडून गांधीजींकडे गेले आणि पुढे त्यांचे सचिव झाले. त्यामुळे गांधीजींचे नाव घरात लहानपणापासूनच होते. मात्र बहिणीने शिक्षण सोडले नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एमबीबीएस झाल्या व पुढे त्यांनी एमडी ही पदवीही मिळवली. त्या काळात डॉक्टर झालेल्या तरुणीला शहरात चांगला व्यवसाय सहज करता आला असता. त्यांनी वर्ध्याची वाट धरली.

१९३९ मध्ये त्या आल्या तेव्हा गावाचे नाव सेवाग्राम नव्हते, सेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या, गजानन महाराजांच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० मध्ये नाव बदलले गेले. त्या आल्यानंतर थोड्याच दिवसांत वर्धा परिसरात पटकीची साथ पसरली आणि या नवख्या डॉक्टरने ती जवळजवळ एकटीने हाताळली. पटकीवरची त्या काळची साधने मोजकी होती. विहिरींत टाकायचे लाल औषध, प्रतिबंधक लस, आणि रोग्याच्या अंगातले पाणी आटू लागले की शिरेतून द्यायचे मिठाचे पाणी. विसाव्या शतकाच्या आरंभी सर लेनर्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात या शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या पाण्याने पटकीचे मृत्यू मोठ्या प्रमाणात कमी करून दाखवले होते. पण काचेची बाटली, रबरी नळी आणि उकळून पुन्हा वापरायची पोलादी सुई असा तो सारा सरंजाम असे. पाणी किंवा नळी पुरेशी शुद्ध नसली की सलाईन सुरू होताच रोग्याला हुडहुडी भरून ताप चढे. आज अत्याधुनिक अतिदक्षता विभागातही सलाईन वा औषध सोडताच रुग्णाला थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांची पहिली शंका शिरेतल्या नळीवरच जाते.

साथीतले त्यांचे काम पाहून गांधीजींनी त्यांची वाखाणणी केली आणि त्या गांधीजींच्या खासगी डॉक्टर झाल्या. हे काम सोपे नव्हते. रुग्णाची स्वतःची वैद्यकीय मते ठाम होती आणि ती अनेकदा डॉक्टरांच्या उलट होती. निसर्गोपचार, मातीच्या पट्ट्या, उपवास यांवर त्यांची भिस्त असे. एनिमाच्या नळीचे मात्र आश्रमाला वावडे नव्हते. गांधीजी स्वतः तिचे पुरस्कर्ते होते. कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले तेव्हा गांधीजींनी स्वतःच्या हाताने त्यांची मालिश केली. रोग्याला हात लावण्याची लाज नसणे आणि हात लावण्याआधी व नंतर तो स्वच्छ असणे, या दोन्ही गोष्टी सेवाग्रामच्या दिनचर्येत होत्या. आश्रमात संडाससफाई हे कोणा एका जातीचे काम नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात निर्जंतुकीकरणाचे जे धडे पुस्तकातून मिळतात, त्यांची एक बाजू या तरुण डॉक्टरने येथे झाडू आणि राखेच्या सोबतीने गिरवली.

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत कस्तुरबांबरोबर त्यांनाही अटक झाली आणि दोघींची रवानगी अखेर आगाखान पॅलेसमध्ये झाली. आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई अचानक कोसळले आणि गेले. १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. वय त्र्याहत्तर. डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, सुशीलाबेन आणि सरकारी डॉक्टर असा ताफा भोवती होता. उपोषणाच्या मध्यावर प्रकृती इतकी ढासळली, की पाणीही गिळवेना. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज देणे हा वैद्यकशास्त्राचा सरळ मार्ग होता. परंतु उपोषण करणाऱ्याच्या शरीरात त्याच्या इच्छेविरुद्ध अन्न सोडणे म्हणजे जबरदस्तीच झाली असती, आणि त्या धक्क्यानेच प्राण जाण्याचा धोका होता. शेवटी पाणी घशाखाली उतरावे एवढ्यापुरता मोसंबीचा रस त्यात मिसळला गेला. ३ मार्चला उपोषण सुटले. डॉक्टरच्या हातात उपाय आहे, रुग्णाची संमती नाही आणि रुग्ण मरू शकतो, या पेचात सुशीलाबेन तीन आठवडे होत्या.

वर्षभराने कस्तुरबांच्या बाबतीत तोच पेच परत आला. पण तो तितकासा स्वच्छ नव्हता. उपोषणात निर्णय घेणारा आणि सोसणारा माणूस एकच होता. कस्तुरबांच्या बाबतीत निर्णयाची चर्चा झाली ती पती आणि मुलगा यांच्यात. काही आठवड्यांनी गांधीजींना हिवताप झाला तेव्हा त्यांनी आरंभीच्या नकारानंतर क्विनीन घेतली, यावरून पुढे त्यांच्यावर टीका झाली. ही टीका पूर्णतः न्याय्य म्हणता येत नाही. कस्तुरबांचे हृदय आधीच थकलेले होते आणि उपस्थित डॉक्टरांनाही फारशी आशा उरली नव्हती. तरीही संमती कोणाची, हा प्रश्न त्या खोलीत अर्धाच सुटला, हे मान्य करावे लागते. सुशीलाबेनांनी कारावासातील त्या दिवसांची नोंद ठेवली होती. ‘बापू की कारावास-कहानी’ या त्यांच्या हिंदी पुस्तकात आणि कस्तुरबांवरील चरित्रात ते दिवस आले आहेत.

सुटकेनंतर १९४४ मध्ये त्यांनी सेवाग्रामला लहानसा दवाखाना सुरू केला. रुग्णांची इतकी रीघ लागली, की आश्रमाची शांतता भंगू लागली. मग बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात दवाखाना हलला आणि १९४५ मध्ये त्याला कस्तुरबा रुग्णालय हे नाव मिळाले. स्त्रिया व मुले यांच्यावरील उपचार हे त्याचे पहिले काम होते. दर काही तासांच्या सुईला नकार मिळालेल्या स्त्रीच्याच नावाने हे रुग्णालय उभे राहिले आणि पुढे त्याच्या वॉर्डांत रोज हजारो सुया टोचल्या जाऊ लागल्या.

नोआखालीच्या दंगलग्रस्त गावांत गांधीजींच्या सहकाऱ्यांना एकेका खेड्यात नेमले गेले, तेव्हा सुशीलाबेनही गेल्या. जानेवारी १९४८ मधील दिल्लीच्या अखेरच्या उपोषणातही त्या गांधीजींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होत्या. ३० जानेवारीला मात्र त्या दिल्लीत नव्हत्या. गांधीजींनीच त्यांना बहावलपूरच्या हिंदू व शीख निर्वासितांची स्थिती पाहण्यासाठी पाकिस्तानात धाडले होते. ज्या रुग्णाची नाडी त्यांनी अनेक वर्षे पाहिली, त्याच्या शेवटच्या क्षणी त्या शेकडो मैल दूर होत्या.

त्यानंतर त्या अमेरिकेला गेल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेतल्या आणि १९५० मध्ये त्या परतल्या. याच हॉपकिन्सच्या रुग्णालयात अर्ध्या शतकानंतर एक साधे काम झाले, त्याचा उल्लेख येथेच केलेला बरा. मान किंवा गळपट्टीच्या हाडाखालून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणाऱ्या नळीला सेंट्रल लाइन म्हणतात. या नळीवाटे रक्तात जंतू शिरले तर रुग्ण दगावू शकतो, आणि अतिदक्षता विभागात असे होणे हे जगभर जवळजवळ अटळ समजले जात होते. २००१ मध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच गोष्टींची एक यादी केली. हात धुवा. रुग्णाची त्वचा क्लोरहेक्सिडिनने स्वच्छ करा. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादरीने झाका. शक्य असेल तर जांघेतली शीर टाळा. गरज संपताच नळी काढा. डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर परिचारिकेने त्याला थांबवायचे, हा अधिकार तिला दिला गेला. मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत हे अमलात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नळीच्या दर हजार दिवसांमागे रक्तात जंतू शिरण्याच्या घटनांचा मध्यांक २.७ वरून शून्यावर आला. यात नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. सेवाग्रामच्या आश्रमात वाढलेल्या डॉक्टरला यातले हात धुण्याचे कलम वाचून बहुधा आश्चर्य वाटले नसते. परिचारिकेने डॉक्टरला अडवण्याचे कलम मात्र आपल्याकडील अनेक रुग्णालयांना अजूनही पचायला जड जाते.

मायदेशी परतल्यावर त्यांनी फाळणीच्या निर्वासितांसाठी वसलेल्या फरिदाबादेत क्षयरोग्यांसाठी काम उभारले. वर्ध्याला १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची धुराही त्यांनी वाहिली. १९५२ मध्ये त्या दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या, तेथे आरोग्यमंत्री व नंतर सभापती झाल्या. १९५७ पासून झाशीने त्यांना लोकसभेत पाठवले. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या.

त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातला एक अध्याय सहसा सांगितला जात नाही. १९६५ मध्ये सरकारने कुटुंबनियोजनासाठी ‘लूप’ आणला. गर्भाशयात बसवायची ही प्लास्टिकची छोटी वळी स्वस्त होती, काही मिनिटांत बसत होती आणि कानपूरला तिचे उत्पादनही सुरू झाले. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांबाबत सुशीलाबेनांच्या मनात गांधीवादी संकोच होता. पण मंत्री म्हणून देशभर मोहीम राबली ती त्यांच्याच खात्याची. आरंभी लाखो स्त्रियांनी लूप बसवून घेतला. नंतर रक्तस्राव, वेदना, लूप आपोआप निसटणे अशा तक्रारी वाढू लागल्या. बसवण्याची शिबिरे झाली होती, पण बसवल्यानंतर त्या स्त्रीला पुन्हा तपासणारे, तिची तक्रार ऐकणारे आणि नको असेल तर तो काढून देणारे कोणी गावात नव्हते. अफवा पसरल्या आणि काही वर्षांतच मोहीम ओसरली. साधन मुळात वाईट नव्हते. शरीरात वस्तू बसवण्याचे उद्दिष्ट ठरले, तिची निगा राखण्याचे ठरले नाही. या अपयशाची जबाबदारी एकट्या मंत्र्याची नसली, तरी त्यातून त्यांना पूर्णपणे मोकळेही करता येत नाही.

मंत्रिपद गेल्यावर त्यांनी जे उभारले, ते या चुकीचे उत्तर म्हणून वाचता येते. तसे त्यांनी ठरवले होते की नाही, हा भाग वेगळा. कस्तुरबा हेल्थ सोसायटी १९६४ मध्येच स्थापन झाली होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्रामला साठ विद्यार्थ्यांनिशी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. खादी, सामुदायिक प्रार्थना, श्रमदान, शाकाहार हे नियम सर्वांना सारखे. नव्या विद्यार्थ्यांनी आरंभी आश्रमात राहायचे. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचे, तेथे शिबिरात राहायचे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांना पुढेही भेटत राहायचे. शहरी विद्यार्थ्यांनी या नियमांची थट्टा केली नसती तरच नवल. पण गावभेटीचा नियम वैद्यकीयदृष्ट्या फार दूरचा विचार करून केलेला होता. रुग्णालयात बसवलेली वस्तू घेऊन रुग्ण जातो तो गावालाच. तिथे तिचे काय होते, हे डॉक्टरने पाहिले नाही तर त्याला कोणी सांगायलाही येत नाही.

लघवीच्या नळीचेच पाहा. वर्धा जिल्ह्यात प्रोस्टेटचा त्रास असलेला म्हातारा शेतकरी, कंबरेखालचा भाग लुळा पडलेला तरुण किंवा पक्षाघाताचा रुग्ण अनेकदा कॅथेटर आणि पिशवी घेऊनच घरी परततो. आष्टी किंवा कारंज्याकडच्या माणसाला पुन्हा सेवाग्राम गाठायचे तर सारा दिवस मोडतो. म्हणून निगा घरच्यांच्याच हाती. नळी आत असताना दर दिवशी सुमारे तीन ते सात टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात, म्हणजे महिनाभरात जवळजवळ सर्वांच्याच. त्यामुळे नळी खरोखर किती दिवस लागणार, हे घरी निघतानाच विचारून तारीख लिहून घ्यावी. साधी रबरी नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत आणि सिलिकॉनची नळी फार तर बारा आठवड्यांत बदलावी लागते. पिशवी नेहमी कंबरेच्या खाली टांगलेली असावी, म्हणजे लघवी उलटी मूत्राशयात जाणार नाही. पण ती जमिनीला टेकू देऊ नये. बैलगाडीत, ऑटोत किंवा एसटीत पिशवी मांडीवर ठेवून बसण्याची सवय घातक आहे. दोनतृतीयांश भरली की रिकामी करावी, त्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. नळी जिथे आत शिरते तो भाग रोज साबण-पाण्याने धुतला की पुरे. तिथे पावडर, हळद वा कसलेही मलम लावायचे कारण नाही. नळी आणि पिशवी यांचा जोड उगाच उघडू नये. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पाणी कमी पडले की लघवी दाट होऊन नळी तुंबते. लघवी थांबली, ओटीपोट फुगले, रक्त आले किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवी नुसती गढूळ दिसते म्हणून गोळ्या घेऊ नयेत. आणि नळी ओढून काढू नये. आत तिचा फुगा फुगवलेला असतो.

१९७७ मध्ये सुशीलाबेन इंदिरा गांधींच्या विरोधात जनता पक्षाच्या बाजूने झाशीतून पुन्हा निवडून आल्या. या पक्षाला एकत्र आणणारे जयप्रकाश नारायण त्या वेळी डायलिसिसवर होते. तुरुंगातून सुटल्यावर नोव्हेंबर १९७५ मध्ये ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन होईपर्यंत यंत्राने रक्त शुद्ध करून घेणे हाच त्यांच्या जगण्याचा आधार राहिला. सामान्य वाचकांपैकी अनेकांनी डायलिसिस हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्यामुळे. त्या काळी चैनीची वाटणारी ही सोय आज जिल्हा पातळीवर पोहोचली आहे. पण रक्तापर्यंत जाणारी वाट शाबूत असली तरच यंत्राचा उपयोग. हातात फिस्टुला केलेला असेल तर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घट्ट बांगडी वा घड्याळ घालू नये. मानेत तात्पुरती नळी असेल तर तिची टोपणे डायलिसिसच्या परिचारिकेशिवाय कोणी उघडता कामा नयेत आणि आंघोळीत ती भिजता कामा नये.

सेवाग्रामपासून थोड्याच अंतरावर, धाम नदीकाठी पवनारला, नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. आरंभीच्या उपचारांनंतर त्यांनी औषध, अन्न आणि पाणी, तिन्ही नाकारले. डॉक्टरांनी विनवले, पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन गेल्या; विनोबा बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. शिरेत सुई घालून आणखी काही दिवस मिळवता आले असते. पण तेथे रुग्ण शुद्धीवर होता आणि त्याचे उत्तर स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ लिहून ठेवलेली वैद्यकीय इच्छा यांना मान्यता दिली. ही चर्चा वर्धा जिल्ह्याने त्याच्या छत्तीस वर्षे आधी, कायद्याच्या भाषेशिवाय, अनुभवली होती.

कस्तुरबांच्या वेळी नसलेले एक साधन ऐंशीच्या दशकाच्या आरंभी आले. केमो पोर्ट. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, टायटॅनियम किंवा प्लास्टिकची ही डबी छातीच्या त्वचेखाली बसवतात. तिची नळी मोठ्या शिरेत जाते. महिनोन्महिने केमोथेरपी घ्यावी लागणाऱ्या रुग्णाच्या हाताच्या शिरा एरवी जळून कडक होतात. पोर्टमुळे दर वेळी शीर शोधण्याची यातना टळते. ही डबी वर्षानुवर्षे टिकते, मात्र तिला साधी सुई चालत नाही. ह्युबर नावाची विशेष सुईच वापरावी लागते; साध्या सुईने डबीवरचा सिलिकॉनचा पडदा कुरतडला जातो. गावात ताप आला म्हणून जवळच्या दवाखान्यात सलाईन लावायची वेळ आली, तर पोर्टमधून लावू नका, असे सांगण्याची वेळ रुग्णावरच येते. पोर्ट बसवल्याचे कार्ड म्हणूनच जवळ बाळगावे. औषध देण्याआधी रक्त परत येते का, हे पाहिले जाते. नंतर दहा मिलिलिटरच्या किंवा मोठ्या सिरिंजने सलाईन थांबत थांबत सोडून नळी धुतली जाते, कारण लहान सिरिंजचा दाब नळीला फाडू शकतो. उपचार संपल्यावरही पोर्ट आत असेल, तर तो ठरावीक काळाने धुवून घ्यावा लागतो. बहुतेक रुग्णालये चार आठवडे सांगतात, काही ठिकाणी तीन महिन्यांपर्यंतचे अंतर चालते. पेरणीच्या किंवा कापूसवेचणीच्या दिवसांत नेमकी हीच फेरी चुकते. औषध जाताना जळजळ झाली, डबीभोवती लाली आली, मान किंवा हात सुजला, किंवा पोर्ट धुतल्यावर तासाभरात हुडहुडी भरली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते.

लोकांना सुईची भीती असते, असे शहरात मानले जाते. वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातल्या खेड्यांचा अनुभव उलटा आहे. अशक्तपणा वाटला की एक सलाईन लावून द्या, असा आग्रह धरणारे रुग्ण आणि तो आनंदाने पुरवणारे डॉक्टर दोन्ही येथे भरपूर आहेत. काचेच्या सिरिंज जाऊन एकदाच वापरायच्या सुया आल्या, त्यामुळे कावीळ आणि एचआयव्हीचा एक मार्ग बराचसा बंद झाला; पण गरज नसताना शीर उघडण्याची हौस गेली नाही. सेवाग्रामच्या संस्थेने गावकऱ्यांकडून हंगामात ज्वारी घेऊन त्या बदल्यात उपचारांची हमी देणारी विमा योजना राबवली, तिच्यामागचा एक हेतू गावानेच आपल्या आरोग्यावर लक्ष ठेवावे, हा होता.

लोकसभेची मुदत संपल्यावर सुशीलाबेनांनी राजकारण सोडले आणि सेवाग्रामच त्यांचे सर्वस्व झाले. अंगावर पांढरी खादी, स्वभाव कडक. त्या अविवाहित होत्या. प्यारेलाल यांचे ऑक्टोबर १९८२ मध्ये निधन झाले तेव्हा गांधीजींचे विस्तृत इंग्रजी चरित्र अपुरे राहिले होते. रुग्णालयाचा व्याप सांभाळून त्यांनी त्याचे पुढचे खंड पुरे केले. डॉक्टर म्हणून मिळालेला रुग्ण त्यांनी असा शेवटपर्यंत सोडला नाही.

३ जानेवारी २००१ रोजी हृदयक्रिया बंद पडून सेवाग्राममध्येच त्यांचे निधन झाले. आठ दिवसांपूर्वीच त्यांनी वयाची ८६ वर्षे पूर्ण केली होती. अतिथिगृहात सुरू झालेल्या त्यांच्या रुग्णालयात आज नऊशेहून अधिक खाटा आहेत आणि विद्यार्थ्यांची नवी तुकडी अजूनही आरंभीचे दिवस बापूंच्या आश्रमात काढते.